अकरा दिवस मागे

गुणवंती नाटेकरनं लिहिलेला प्रोग्राम कोणी मागितला आणि तिनं दिला नाही, असं सत्याऐंशी साल सरेपर्यंत एकदाही झालं नव्हतं. मालवणहून एक कारकून आला, तो घेऊन गेला. अलिबागच्या एका बाईंनी पोस्टानं कोरी फ्लॉपी पाठवली, ती भरून परत गेली. तिच्या मिरकरवाड्यात शेजारीण वाटी घेऊन विरजण मागायला आली तर तिला कोणी नाही म्हणत नाही, आणि दिल्यानं आपलं दही कमीही होत नाही. गुणवंतीला प्रोग्रामचंही तसंच वाटायचं. त्यात तिचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही, पण माझ्या वाटण्यावर सरकार चालत नाही.

तिच्या खात्याचं नाव घेत नाही, उगाच कोणाच्या तरी अंगाला लागायचं. काम सांगतो. किनाऱ्यावरच्या यांत्रिक होड्यांना सवलतीच्या डिझेलची कुपनं द्यायची. पावसाळाभर समुद्र बंद. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला की मोसम सुरू, आणि त्या दिवसापासून महिनाभर कुपनाची मुदत. हे काम पूर्वी तीन कारकून करत आणि तिघंही वर्षभर एकमेकांच्या चुका काढत. मग रत्नागिरीच्या कचेरीत कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी एक खोली थंड केली गेली, माणसांसाठी पंखासुद्धा धड नव्हता ते असो. यंत्र चालवायला माणूस हवं म्हणून गणितात बी.एस्सी. झालेली, मुंबईला मामाकडे राहून कोर्स करून आलेली गुणवंती हंगामी म्हणून लागली. दोन वर्षं काम बघून कायम करू, असं तिला सांगितलं होतं.

तिच्या घरी हा 'कायम' शब्द जेवणाच्या पानावर रोज वाढला जायचा. आई कमळा मासळी विकायची, भाऊ आनंदा स्वतःच्या होडीवर तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या. खारव्यांच्या घरातली पोर सरकारी खुर्चीत बसते याचं वाडीला अप्रूप होतं. पण खरं सांगायचं तर गुणवंतीला ती नोकरी घरासाठी किंवा वाडीसाठी हवी नव्हती, स्वतःसाठी हवी होती. त्या थंड खोलीत बसून यंत्राला एखादी गोष्ट पटवून द्यायची, आणि त्याला ती पटली की पडद्यावर उमटलेली बघायची, यात तिला अतोनात सुख व्हायचं. दुसऱ्या कुठल्याच कामात तिला तसं झालं नव्हतं. आणि असलं यंत्र तेव्हा अख्ख्या गावात दुसरं कोणाकडे होतं म्हणून तिनं तिकडे जावं?

कुपनांचा प्रोग्राम तिनंच लिहिला. त्यात एके ठिकाणी घोडं अडलं. मुदत छापायची तर यंत्राला नारळी पौर्णिमा कळायला हवी. दर साली तारीख हातानं भरता आली असती, पण तिला ते कमीपणाचं वाटलं. यंत्र काय उगाच आणलंय? तिनं मागच्या दोन सालांच्या तारखा बघितल्या. पौर्णिमा दर साली अकरा दिवस मागे येते. गेल्या सालची तारीख घे, अकरा वजा कर, असं तिनं यंत्राला सांगून टाकलं. एखाद्या दिवसाचा फरक पडायचा, पण महिनाभराच्या मुदतीत एका दिवसाचं कोण बघतो? सत्याऐंशीच्या मोसमाला कुपनं बिनबोभाट निघाली. तिचे साहेब काशीराम जाधव मूळचे मंडणगडकडचे, कौतुक करण्यात हात आखडता. त्यांनीसुद्धा "बरं झालं," एवढं म्हटलं.

त्याच दिवाळीनंतर मुंबईच्या 'सागरदीप सिस्टिम्स' कंपनीचे कारखानीस आले. सफारी, हसरा चेहरा, बोलायला गोड. प्रोग्राम चालताना त्यांनी तासभर बघितला आणि "वा, वा," म्हणत राहिले. जाताना म्हणाले, "मॅडम, याचा सोर्सही दिलात तर आमच्या मुलांना शिकायला होईल."

सोर्स म्हणजे प्रोग्रामचं उघडं रूप. माणसाला वाचता येतं, चूक असेल तर सुधारता येते. तोच प्रोग्राम बंद करून दिला तर यंत्र तो चालवतं, पण आत काय लिहिलंय ते कोणाला दिसत नाही. गुणवंतीनं उघडा दिला. काशीराम साहेबांनी वर चहा पाजला.

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात वरून हुकूम आला. सगळ्या किनारपट्टीला एकच प्रोग्राम, आणि तो 'सागरदीप'चा. जुने प्रोग्राम यंत्रावरून काढून टाकावेत. मागोमाग खोका आला. खोक्यात प्लॅस्टिकचं पाकीट, त्यावर लाल सील, आणि सीलाखाली बारीक इंग्रजीत मजकूर, की हे सील फोडणाऱ्यानं आमच्या सगळ्या अटी मान्य केल्या असं धरलं जाईल. आत बघायचं नाही, बदलायचं नाही, दुसऱ्याला द्यायचं नाही. गुणवंती हे वाचून साहेबांना सांगेपर्यंत दादू शिपायानं सुरीनं सील उडवलंसुद्धा होतं. म्हणजे शासनाच्या वतीनं करार कोणी केला, तर दादूनं, आणि तो सही करतानाही आधी अंगठा पुढे करायचा.

"आता?" काशीराम साहेब म्हणाले.

"आता चालवायचा," गुणवंती म्हणाली.

तिला वाईट वाटलं नाही असं नाही. आपला प्रोग्राम पुसताना तिचा हात रेंगाळला. पण कायम होण्याचा कागद ऑक्टोबरात निघायचा होता आणि तोवर तोंड मिटून राहायचं तिनं ठरवलं होतं. नवीन प्रोग्राम दिसायला झकपक होता. कंपनीचं नाव, बोधचिन्ह, चौकटी. आत काय आहे ते दादूच्या सुरीनंही दिसणार नव्हतं.

जुलैत तिनं त्या सालचं पहिलं कुपन छापलं. मुदत होती जुलैअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत. ती बघतच राहिली. नारळी पौर्णिमा तर ऑगस्टच्या अखेरीला होती! म्हणजे समुद्र उघडायच्या दिवशीच कुपनाची मुदत संपत होती.

तिनं गेल्या सालची तारीख बघितली. ऑगस्टची नऊ. बोटांवर मोजलं. नऊ ऑगस्टातून अकरा गेले की एकोणतीस जुलै.

तिला आधी लाज वाटली, मग हसू आलं आणि शेवटी संताप आला, तिन्ही एका दमात. अकरा दिवस तिचे होते. मुंबईतल्या कुठल्या कंपनीला नारळी पौर्णिमा अकरा दिवसांनी मागे ढकलायची बुद्धी झाली असती? आणि चूकही तिचीच होती. यंदा अधिक महिना आला होता. अधिक आला की सगळे सण महिनाभर पुढे जातात, हे वाडीतल्या शेंबड्या पोराला ठाऊक. तिच्याच घरात त्या अधिक ज्येष्ठात केवढा गोंधळ! हेदवीचा जावई वाणाला येणार म्हणून आईनं अनारसे तळले होते, आणि गुणवंतीनं ते कचेरीत डब्यातून नेऊन साहेबांना दिले होते. अनारसा खाल्ला, पण अधिक महिना यंत्रात घालायचा असतो हे डोक्यात आलं नाही.

घरी सांगितलं तेव्हा कमळानं कपाळाला हात लावला. "अगो बाय, अधिक नाय धरलास? आणि अनारसं कसलं म्हणून खाल्लंस तू?"

आनंदाला हसू आलं नाही. "म्हंजे डिझेल नाय?"

"कुपन हाय, पण तुमी दर्यात जाल त्या दिवशी मुदत सरतेय."

"मग पेनानं तारीख बदल की."

ते होणार नव्हतं. खाडाखोड केलेलं कुपन डेपोवर चालत नाही, हा कॉम्प्युटर आल्यापासूनचा नियम. यंत्र चुकत नाही, माणूस लबाडी करतो, असं त्यामागचं तत्त्व. डिझेलशिवाय मोसमाचे पहिले आठवडे गेले तर उरलेलं साल कसं जातं हे खारव्याच्या घरात कोणी कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती. आनंदा ताटावरून उठून पडवीत जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी काशीराम साहेबांनी मुंबईला ट्रंक कॉल लावला आणि अर्ध्या संभाषणात फोन तिच्या हातात दिला. कारखानीस नेहमीसारखेच गोड होते. दुरुस्ती करू की, म्हणाले. पण वरून लेखी मागणी हवी, तिला मंजुरी हवी, मग आमची माणसं हातातलं काम संपवून बघतील. नोव्हेंबर धरा.

"एक ओळ आहे हो," गुणवंती म्हणाली. "तुम्ही उघडा द्या, मी आत्ता बदलते."

"उघडा देत नाही आम्ही कोणाला," कारखानीस म्हणाले.

तिनं फोन ठेवला. काशीराम साहेब खिडकीशी उभे होते. "तुझा जुना आहे ना कुठे?"

"फ्लॉपीवर आहे. दुरुस्तही करीन. पण त्याचं कुपन डेपो घेणार नाही, कुपनावर 'सागरदीप'नं छापलेला नंबर लागतो."

ती दोन दिवस नुसती विचार करत होती. मग तिच्या लक्षात आलं की प्रोग्राम बंद असला तरी तारखा उघड्या आहेत. त्या कचेरीच्या. यंत्र गेल्या सालची तारीख घेतं आणि अकरा वजा करतं. मग गेल्या सालची तारीखच पुढे ढकलली तर? गेल्या सालची पौर्णिमा सप्टेंबरात नेली की यंदाची बरोबर ऑगस्टअखेरीला येईल. यंदाचं खरं छापायला गेल्या सालचं खोटं करायचं.

काशीराम साहेबांनी ऐकलं आणि त्यांची पाचावर धारण बसली. "अगं, म्हणजे गेल्या ऑगस्टात डिझेल घेतलेल्या सगळ्या होड्या कागदोपत्री बंदीत समुद्रात गेल्या असं होईल! तुझा भाऊसुद्धा!"

"एका दुपारपुरतं, साहेब. कुपनं छापली की तारीख परत जागेवर."

"आणि कोणाला कळलं तर तू कायमबियम विसर."

"ते मी बघते."

"मी काही ऐकलेलं नाही," असं म्हणून काशीराम साहेब बाहेर गेले, आणि कुपनं छापून होईपर्यंत तिकडे फिरकले नाहीत. गुणवंतीनं त्या दुपारी सगळी कुपनं काढली आणि तारीख पूर्ववत केली. काम चोख झालं. तेवढ्यात मालवणच्या कारकुनाचा फोन आला, त्यांच्याकडेही तोच घोळ. नाही म्हणायची तिला सवयच नव्हती. तिनं युक्ती सांगितली. अलिबागच्या बाईंना तर तिनं आपण होऊन फोन लावला.

नारळी पौर्णिमेला मिरकरवाड्यातून होड्या सुटल्या. आनंदानं धक्क्यावरून तिला हात केला. त्या दिवसाचा आनंद तिनं मनसोक्त भोगला, हे बरं झालं.

बंद प्रोग्रामात कंपनीनं आणखी एक करामत करून ठेवली होती. जुनी तारीख कोणी बदलली की तो गुपचूप नोंद करायचा, आणि दर महिन्याला मुंबईला जाणाऱ्या फ्लॉपीवर ती नोंद आपोआप जायची. ती उघड्या प्रोग्रामात असती तर गुणवंतीला वाचता आली असती. ऑक्टोबरात कायमचा कागद यायच्या ऐवजी चौकशी आली.

मुंबईचे चौकशी अधिकारी कमी बोलणारे होते. शेजारी कारखानीस, समोर गुणवंती आणि काशीराम साहेब. गुणवंतीनं सगळं सरळ सांगितलं. चूक माझी, प्रोग्राम माझा, तारीख मीच बदलली. नसती बदलली तर होड्या धक्क्याला बसल्या असत्या.

काशीराम साहेबांनी घसा साफ केला. "मला माहीत होतं," ते म्हणाले. हे ते बोलतील असं गुणवंतीला वाटलं नव्हतं. तिनं त्यांच्याकडे वळून बघितलं, पण ते टेबलाकडे बघत होते.

"प्रोग्राम यांचा कसा?" अधिकाऱ्यांनी कारखानीसांना विचारलं.

"मुळात यांचाच आहे," कारखानीस मोकळेपणानं म्हणाले. "आम्ही कुठे नाही म्हटलं? यांनी दिला, आम्ही घेतला, सजवला, बंद केला. देताना यांनी एकही अट घातली नव्हती."

"कसली अट घालायची असते?" गुणवंतीनं विचारलं. तिला खरंच माहीत नव्हतं.

"अमेरिकेत काही मंडळी घालतात हल्ली. घ्या, वापरा, बदला. पण पुढे द्याल तेव्हा तसाच उघडा द्यायचा, आणि घेणाऱ्यावरही तीच अट." ते हसले. "आम्हाला नाही परवडत, मॅडम. तुम्ही घातली असतीत तर आम्ही घेतला नसता."

एवढी साधी गोष्ट आपल्याला सुचली नाही, याचं गुणवंतीला फार वाईट वाटलं. तिथंच रडू येईल की काय अशी तिला भीती वाटली.

"एक मिनिट," अधिकारी म्हणाले. "यांनी दिला. कोणाच्या परवानगीनं?"

कारखानीसांनी बॅग मांडीवर घेतली.

"यंत्र सरकारचं. पगार सरकारचा. म्हणजे प्रोग्रामही सरकारचा. सरकारची मालमत्ता यांनी परस्पर खाजगी कंपनीला दिली."

काशीराम साहेब उठून उभे राहिले. "साहेब, प्रोग्राम सरकारचा असेल, तर मग तो आपण यांच्याकडून विकत का घेतो?"

"तो या चौकशीचा विषय नाही. खाली बसा."

कारखानीस आपल्या बॅगेची चेन लावत होते.

निकाल नोव्हेंबरात आला. तारीख बदलल्याबद्दल गुणवंतीला ताकीद, कारण त्यात शासनाचं नुकसान झालं नव्हतं आणि वरिष्ठांना कल्पना होती. काशीराम साहेबांची वेतनवाढ रोखली. पण प्रोग्राम दिल्याबद्दल गुणवंतीची नेमणूक पुढे चालू ठेवता येत नव्हती. मालमत्तेच्या सर्व प्रती जमा कराव्यात, माहिती कोणालाही देऊ नये. 'सागरदीप'चं कंत्राट पुढच्या सालासाठीही मंजूर झालं. जे खोटं केलं त्याची माफी होते आणि जे नुसतं दिलं त्याची होत नाही, हे कुठल्या शाळेत शिकवतात ते मला माहीत नाही.

शेवटच्या दिवशी ती फ्लॉप्या घेऊन त्या खोलीत गेली. काशीराम साहेब प्रती ताब्यात घ्यायला बसले होते. यंत्र चालू होतं, पण तिनं त्याच्याकडे बघायचं टाळलं. आज बघितलं तर बाहेर पडणं जमणार नाही असं तिला वाटत होतं.

"साहेब," ती म्हणाली, "एक्क्याण्णवला पुन्हा अधिक येतोय. वैशाखात. हा प्रोग्राम तेव्हाही अकराच वजा करणार. आणि अधिक श्रावणाच्या नंतर पडला तर हिशेब आणखी निराळा होतो. ते सगळं मी आता सोडवलंय, तुम्हाला सांगून ठेवते."

"नको!" काशीराम साहेबांनी हात वर केले. "सांगू नकोस, बाय. लेखी हुकूम आहे. तू सांगितलंस तर ते परत देणंच झालं, आणि मी ऐकलं तर घेणं."

"मग तेव्हा मिरकरवाड्यानं काय करायचं?"

काशीराम साहेबांनी हुकमाचा कागद तिच्यापुढे सरकवला.

गुणवंतीनं फ्लॉप्या टेबलावर ठेवल्या. आता तिच्याकडून काढून घेण्यासारखं काही उरलं नव्हतं. "मी देते, साहेब," ती म्हणाली. "पण या खेपेला अट घालून देते."

"कसली अट?"

"जो कोणी विचारील त्याला सगळं सांगायचं. मी सांगते तसं, काही न राखता. आणि त्यानंही पुढे तसंच सांगायचं. कबूल असेल तर ऐका, नसेल तर मी निघते."

काशीराम साहेबांनी हुकमाचा कागद उचलला, पुन्हा एकदा वाचला आणि पालथा घातला. मग ते उठले, दारापर्यंत गेले आणि बाहेरच्या टेबलांवर बसलेल्या सगळ्यांना त्यांनी हाक मारली.

"इकडे या रे जरा. हिला काय सांगायचंय ते ऐकून घ्या."